अमेरिका दिल्या शब्दाला जागते का?

पलीकडचा_किनारा

४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात, त्या निमित्ताने अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरतायत. एक गरुड आणि झेंडावाला, अमेरिका म्हणजे जगाची शेवटची आशा वगैरे. दुसरा म्हणजे अमेरिका हे निव्वळ ढोंग, हा बहुतेक पुण्यातून सुटतो. दोन्ही वाचून डोकं उठलं म्हणून हा धागा.

त्या जाहीरनाम्यात जेफरसनने सगळी माणसं जन्मतः समान असं लिहिलं आणि आयुष्यभरात मिळून ६०० च्या वर गुलाम त्याच्याच मालकीचे होते, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. १७८७ च्या घटनेने तर गणितच मांडून दिलं, राज्याची लोकसंख्या मोजताना गुलाम धरायचा तीनपंचमांश आणि मत शून्य. त्याचं परत दळण नको. मला आपल्या लोकांची एक केस सांगायचीय जी आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

भगतसिंग थिंद (आपला हुतात्मा भगतसिंग नव्हे). पंजाबातून १९१३ ला इकडे आला, लाकडाच्या गिरण्यांत काम केलं, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झाला, पगडी घालून. १९२० मध्ये ओरेगॉनच्या कोर्टाने त्याला नागरिकत्व दिलं. तेव्हा १७९० चा कायदा चालू होता, बाहेरून आलेल्यांपैकी नागरिक होणार फक्त 'स्वतंत्र गोरे', पुढे त्यात आफ्रिकन वंशाचे घातले, पण आशियातले नाहीत. सरकार अपिलात गेलं आणि केस सुप्रीम कोर्टात पोचली. आता गंमत बघा, तीनच महिने आधी ओझावा नावाच्या जपानी माणसाला याच कोर्टाने सांगितलं होतं की तुझी कातडी किती का उजळ असेना, गोरा म्हणजे कॉकेशियन आणि तू तो नाहीस. थिंद म्हणाला उत्तम, तुमच्याच शास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत, द्या मला. तर तेच न्यायमूर्ती सदरलँड म्हणाले, शास्त्रबिस्त्र राहू दे, रस्त्यावरचा साधा माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. १९ फेब्रुवारी १९२३, एकमताने निकाल. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे कागद शोधून शोधून परत घेतले. सॅन फ्रान्सिस्कोत वैष्णो दास बगई दुकान चालवायचे, त्यांचं नागरिकत्व गेलं, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मालमत्ताही ठेवता येईना, भारतात जायचं तर परत ब्रिटिश पासपोर्ट मागा म्हणाले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

माझं मत असं की स्वातंत्र्याच्या बाबतीत हा देश बऱ्यापैकी शब्दाला जागतो, समतेच्या बाबतीत त्याला दरवेळी कोर्टात नाहीतर रस्त्यावर खेचावं लागतं, आणि दोघांची जुंपली की बहुतेक वेळा समता हरते. पटत नसेल तर झोडा.

चिंच_गूळ

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. १०० प्रतिसाद नक्की.

टेक्सासवाला

पहिल्या अर्ध्या मताशी सहमत, दुसऱ्याशी नाही. पण आधी पहिल्याचं नीट कौतुक तरी करा की राव, एका ओळीत उरकलंत.

१९८४ ला आमच्या डॅलसमध्ये रिपब्लिकन अधिवेशन होतं, बाहेर निदर्शनं, एकाने अमेरिकन झेंडा पेटवला. टेक्सासने त्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १९८९ ला सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं, झेंडा जाळणं ही अभिव्यक्ती आहे, शिक्षा रद्द. आणि त्या पाचात स्कालिया होता, म्हणजे पक्का उजवा माणूस! आपल्याकडे तिरंगा जाळला तर १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत आत. मी झेंडा जाळायच्या बाजूने अजिबात नाही, कुणी समोर जाळला तर मी दोन शिव्या हासडीन, पण सरकारने त्याला हात लावायचा नाही हे मला इथे येऊनच कळलं. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती, १७९१, सरकारचे हात बांधते. आपली पहिली घटनादुरुस्ती, १९५१, बोलणाऱ्याचे बांधते. पालघरचं आठवतंय ना? २०१२, बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला आणि ती पोस्ट लाइक केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक. लाइक केली म्हणून!!

तिरकस_नाना

पुण्यातून फॉरवर्ड सोडणारा मीच असेन बहुतेक. :D

टेक्सासवाले, पालघरची केस कबूल. पण ज्या कलमाखाली ते झालं ते ६६अ २०१५ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने उडवलं, तेही सांगा की. आणि मार्च २०२५ चं काय? टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की पीएचडीची विद्यार्थिनी, गुन्हा काय तर विद्यार्थ्यांच्या पेपरात पॅलेस्टाइनवरून विद्यापीठावर टीका करणाऱ्या लेखावर इतर तिघांबरोबर तिचं नाव. संध्याकाळी उपास सोडायला चाललेली, तोंडं झाकलेल्या साध्या कपड्यातल्या माणसांनी रस्त्यात घेरली, व्हिसा आधीच गुपचूप रद्द केलेला, आणि नेऊन टाकली थेट लुइझियानात. त्या दोन ओळी आणि हा एक लेख यात मला तरी फरक दिसत नाही. तुमचं ते सरकारचे हात बांधणारं कलम नागरिकांपुरतंच आहे का, एवढंच विचारतो. तुमच्यातले निम्मे तर अजून व्हिसावरच आहेत.

वकीलीणबाई

नाना, कलमात 'नागरिक' असा शब्दच नाही, इथे असलेला कुणीही त्यात येतो असंच कोर्ट मानत आलंय. प्रॉब्लेम दुसरीकडे आहे. इमिग्रेशन कायदा सरकारला इतका मोकळा हात देतो की बोलल्याबद्दल शिक्षा करता येत नसली तरी व्हिसा काढून घेता येतो, आणि मग तो बोलल्यामुळे काढला हे सिद्ध करत बसायचं तुम्ही, तेही कोठडीतून. त्या मुलीला सहा आठवड्यांनी व्हरमाँटच्या फेडरल न्यायाधीशाने सोडवलं. म्हणजे यंत्रणा चालली म्हणायचं की नाही? माझ्याकडे येणाऱ्या लोकांचं सांगते, बहुतेकांना सहा आठवडे परवडणारच नसतात. नोकरी जाते, घराचा हप्ता थकतो. हक्क कागदावर सगळ्यांना एकच आहे हो, तो वापरायचा खर्च वेगवेगळा आहे.

पलीकडचा_किनारा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावणार आहे.

तिरकस_नाना

बरं ते राहू दे. थिंदची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच्या वकिलांनी युक्तिवाद काय केला ते पण लिहा ना. त्याने असं म्हटलंच नाही की माणसामाणसांत वर्णावरून भेद करणारा हा कायदाच चूक आहे. त्याचं म्हणणं, मी उच्चवर्णीय आर्य आहे, आमच्यातले वरच्या जातीचे लोक खालच्यांशी सोयरीक करत नाहीत, तुम्ही काळ्यांना जसे लांब ठेवता तसेच आम्ही आमच्यांना ठेवतो, तेव्हा मला तुमच्यात घ्या. भिंत पाडा असं नाही म्हणाला, मला भिंतीच्या अलीकडे घ्या म्हणाला. मला विचाराल तर इकडून गेलेल्या आपल्या लोकांचं शंभर वर्षांनंतरही तेच धोरण आहे.

टेक्सासवाला

काहीतरीच काय. वकील जिंकण्यासाठी मांडतो ते. तेव्हाच्या कायद्यात दुसरी फटच नव्हती तर काय करणार? कायदाच चूक आहे असं म्हणून १९२३ ला जिंकला असता का?

तिरकस_नाना

अहो तसंही हरलाच की.

नागपुरी_तडका

नानांच्या मुद्द्याला धरून. महात्मा फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिलं ते अर्पण कुणाला केलं माहीत आहे ना, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांची गुलामी संपवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. आज इथे कुणी म्हणेल जोतीराव भाबडे होते. अजिबात नाही. १८७३ साल बघा. १८६५ ला तेरावी दुरुस्ती (गुलामगिरी बंद), १८६८ ला चौदावी (नागरिकत्व आणि कायद्यापुढे समानता), १८७० ला पंधरावी (वर्णावरून मत नाकारायचं नाही). काळी माणसं दक्षिणेत मतदान करत होती, मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये जाऊन आला होता. पुण्यातल्या माणसाने ते बघून आमच्या शूद्रातिशूद्रांसाठी पण असं व्हावं म्हटलं तर ते डोळस होतं. पुढे १८७७ ला उत्तरेने सैन्य मागे घेतलं, सौदा केला आणि दक्षिणेत पुन्हा येरे माझ्या मागल्या. १८९६ ला कोर्टाने काळ्या-गोऱ्यांना रेल्वेचे वेगळे डबे चालतील म्हणून शिक्काच मारला. १९६५ च्या मतदान कायद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं, काळा माणूस मत द्यायला गेला की नोकरी जायची किंवा जीव.

आणि बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला आले तेव्हा हे सगळं भरात होतं. न्यूयॉर्कात त्यांना स्पृश्य-अस्पृश्य नसलेली मोकळी हवा मिळाली हे ते सांगतच, पण पलीकडे काळ्यांचं हार्लेम होतं. १९४६ ला त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलंय, तुम्ही काळ्यांचा प्रश्न युनायटेड नेशन्सकडे नेताय, त्या अर्जाची प्रत मिळेल का, आम्हालाही तसंच करायचंय. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. म्हणजे फुल्यांनी अमेरिकेतल्या गोऱ्यांकडून प्रेरणा घेतली आणि आंबेडकरांनी तिथल्या काळ्यांशी हात मिळवला, यात सगळा फरक आला. पुढे ७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती कुणाचं नाव घेऊन, सांगायला नको.

आता इकडे या. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटलने जातिभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात तसंच बिल पास झालं आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसमने व्हेटो केला, म्हणे आधीचे कायदे पुरेसे आहेत. त्या व्हेटोसाठी सह्या गोळा करणारे कोण होते? गोरे नव्हते भाऊ.

एडिसनचा_पोपट

आली जात! धागा अमेरिकेवर आहे, प्रत्येक ठिकाणी जात आणलीच पाहिजे का. माझ्या ऑफिसात कुणी कुणाला जात विचारत नाही.

नागपुरी_तडका

विचारत नाहीत, आडनाव आणि गाव विचारतात. नंतर पाठीवर हात फिरवून जानवं चाचपणारा पण भेटलाय मला, फिलाडेल्फियात, गणपतीला. असो.

चिंच_गूळ

पोपटराव गप.

अबोली

मी वाचनमात्र असते पण स्वातंत्र्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहितेच. मी लग्न करून ओहायोला आले एच-फोरवर, म्हणजे एच-वन नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. पुण्यात पाच वर्षं नोकरी केलेली, स्वतःच्या पगारावर भावाचं शिक्षण केलेलं. इथे आल्यावर काम करायची परवानगी नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यामुळे क्रेडिट हिस्टरी नाही, नवऱ्याच्या सहीशिवाय फोनचं कनेक्शनसुद्धा मिळालं नाही. विमा नवऱ्याच्या कंपनीचा. नवऱ्याची नोकरी गेली तर ६० दिवसांत दोघांनी गाशा गुंडाळायचा. नवरा माणूस चांगला आहे म्हणून निभावलं. पण माझ्या ओळखीत एक जण आहे जिचा नव्हता, आणि ती वेगळी राहायला लागली असती तर व्हिसाच नवऱ्याच्या नावावर. २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज (आय-१४०) मंजूर झालाय त्यांना कामाचं कार्ड मिळतं, मला ते मिळाल्यावर मी पहिला पगार आला त्या दिवशी नुसतं बँकेचं अॅप उघडून बघत बसले होते.

हा कायदा काही बायकांच्या विरुद्ध लिहिलेला नाही, कागदावर नवरा-बायको दोघांनाही सारखाच. पण एच-फोरवर बसलेल्यात बायकाच जास्त, आपल्या तर बघायलाच नको. आनंदीबाई जोशी १८८६ ला याच देशात डॉक्टर झाल्या, एकट्या येऊन. त्यांच्याही कॉलेजचं नाव बघा, बायकांचं कॉलेज, कारण बहुतेक बाकीची कॉलेजं बायकांना घेतच नव्हती. आणि ज्या बायका त्यांना शिकवत होत्या त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत मिळायला १९२० उजाडलं.

वकीलीणबाई

अबोलीताई, लिहीत जा हो. ज्या मैत्रिणीचं म्हणताय तिला सांगा, छळ होत असेल तर काही मार्ग आहेत, खाजगी निरोप पाठवा मला.

टेक्सासवाला

अबोलीताईंचं पटलं. पण यातलं मूळ म्हणजे ग्रीन कार्डची रांग आणि ती रांग समतेमुळेच आहे हे कुणी बोलत नाही. १९६५ चा कायदा, जॉन्सनने न्यूयॉर्कच्या लिबर्टी बेटावर जाऊन सही केली, त्याआधी वंश बघून कोटे होते. १९४६ नंतर भारताचा कोटा किती तर वर्षाला १००! शंभर माणसं! ६५ ने ते मोडलं, पुढे सगळे देश समान झाले, आणि १९९० च्या कायद्यापासून कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही. आता १४० कोटींचा भारत आणि चार लाखांचा आइसलँड, दोघांना तीच मर्यादा. म्हणून आपल्या माणसाची रांग पिढीभराची आणि आइसलँडवाल्याला रांगच नाही. तुमची समता पाहिजे तर ही घ्या.

पलीकडचा_किनारा

हा मस्त मुद्दा काढलात, पण यात देश समान झालेत, माणसं नाही झाली. अमेरिकेची ही जुनी खोड आहे. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची जवळपास ३.९ कोटी, दोघांचे सिनेटर दोन-दोन. राष्ट्राध्यक्षाने नेमलेल्या न्यायाधीशांवर शिक्कामोर्तब तेच सिनेट करणार, आणि न्यायाधीश ठरवणार समता म्हणजे काय. राजधानी वॉशिंग्टनमध्ये सात लाखाच्या आसपास लोक राहतात, वायोमिंगपेक्षा जास्त, त्यांचा सिनेटर एकही नाही. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलंय, कर भरतो पण प्रतिनिधित्व नाही. ज्या घोषणेवर यांनी इंग्रजांशी लढाई केली ती यांच्याच राजधानीत तक्रार म्हणून गाडीवर लावून फिरतात.

आणि ६५ चा कायदा आला कुठून? ६४ ला नागरी हक्क कायदा, ६५ च्या ऑगस्टमध्ये मतदानाचा कायदा, ऑक्टोबरात हा. सेल्माच्या पुलावर काळ्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या लाटेत वंशाचे कोटे वाहून गेले. आपण जे इथे बसून अमेरिकेला मार्क देतोय ते त्यांच्या जिवावर. हे मी मंडळात एकदा म्हणालो तर एक काका म्हणाले, मी माझ्या मेरिटवर आलो. मेरिट होतंच हो काका, १९५५ ला पण असतं, व्हिसा नसता.

एडिसनचा_पोपट

म्हणजे आता आम्ही आभारप्रदर्शन करत बसायचं का आयुष्यभर.

मिशिगनकर

उशिरा आलो, सगळं वाचलं. तुम्ही सगळे कोर्ट आणि व्हिसामध्ये अडकलाय. मला विचाराल तर सगळं घर घेताना कळतं.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. डेट्रॉइटची हद्द म्हणजे एट माइल रोड, अलीकडे उपनगरं, पलीकडे शहर. त्या रोडजवळ एक भिंत आहे, काँक्रीटची, माणसाच्या उंचीची, अर्धा मैल लांब. १९४१ ची. एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, शेजारी काळ्यांची वस्ती म्हणून सरकारी गृहकर्ज योजना हमी देईना. त्याने मध्ये भिंत बांधली, कर्ज मंजूर झालं. भिंत अजून आहे, आता तिच्यावर चित्रं काढलीयत. नानांनी भिंतीच्या अलीकडे-पलीकडे म्हटलं ना, ती खरीच बांधून ठेवलेली आहे, येऊन बघा.

मग कायदे आले. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली त्यानंतर आठवड्याभरात, १९६८ च्या एप्रिलमध्ये, घर विकताना वंशभेद करायला बंदी आली. गोरे तोवर उपनगरात निघून चालले होते. कोर्टाने म्हटलं की शाळा मिसळायच्या तर उपनगरं पण धरा, आणि १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ५-४ ने ते उडवलं, उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही तर त्यांना यात ओढता येणार नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शलचं विरोधी मत वाचा मिळालं तर. शाळांच्या हद्दी तशाच राहिल्या. आज भिंतीची गरजच नाही, स्कूल डिस्ट्रिक्टची रेघ पुरते.

आता आपली एंट्री. मी घर बघायला गेलो तेव्हा एजंटला साधं विचारलं, इथे कसे लोक राहतात, सेफ आहे का, शाळा कशी आहे. बाई एकदम सावध झाली. म्हणाली मी यावर बोलू शकत नाही, कायद्याने बंदी आहे, तुम्हीच वेबसाइटवर बघा. आणि फोनवर रेटिंगचं पान उघडून टेबलावर माझ्याकडे सरकवलं. दहापैकी नऊ, हिरवा गोल. त्या एका हिरव्या गोलासाठी मी तसंच घर पाच मैलांवर मिळतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे दिले. कुणी कुणाला काळा गोरा म्हटलं नाही, कायदा कुणी मोडला नाही. नोवाय, ट्रॉय, कँटन, जिकडे रेटिंग चांगलं तिकडे आपण.

टेक्सासवाला

मग पोरांना वाईट शाळेत घालायचं का तत्त्वासाठी? तुम्ही घातलं असतंत?

मिशिगनकर

नसतं घातलं. म्हणून तर लिहितोय. कुणीच घालणार नाही आणि त्यातच सगळं चाललंय. बऱ्याच राज्यांत शाळेचा पैसा बराचसा तिथल्या घरपट्टीतून, आमच्याकडे १९९४ पासून रोजच्या खर्चाचा पैसा राज्य देतं दर मुलामागे, पण इमारत, प्रयोगशाळा, बसगाड्या यासाठी रोखे काढायचे ते त्या त्या डिस्ट्रिक्टने मतदान घेऊन, म्हणजे परत घरपट्टीच. आमच्याकडे रोखे पास होतात, पोहण्याचा तलाव नवा झाला. शहरात घरांना किंमतच नाही तर काढणार कशावर.

तिरकस_नाना

डेट्रॉइटचे खासदार आपले श्री ठाणेदारच ना? बेळगावचे. अमेरिकेत समता नाही म्हणणाऱ्यांनी हे पण मोजा, मी ढोंग म्हणतो पण एवढं मान्य करतो. गरिबीत वाढलेला मराठी पोरगा तिकडे खासदार, तिथले लोक मतं देतात.

मिशिगनकर

हो, २०२२ ला निवडून आले, आम्ही पण मिठाई वाटली. पण दुसरी बाजू ऐका. १९५५ पासून डेट्रॉइटमधून कुणी ना कुणी काळा खासदार काँग्रेसमध्ये असायचाच, आणि यांच्या विजयाने ती परंपरा तुटली. प्राथमिक फेरीत काळे उमेदवार बरेच, मतं विभागली, आणि यांनी स्वतःचे पैसे भरपूर घातले. बेकायदेशीर काहीही नाही, स्वतःचे पैसे स्वतःच्या प्रचाराला किती पण लावा, १९७६ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की ते अभिव्यक्तिस्वातंत्र्य. म्हणजे एका बाजूने बघाल तर स्थलांतरिताची यशोगाथा, दुसऱ्या बाजूने बघाल तर ज्याच्याकडे पैसा त्याचा आवाज मोठा. दोन्ही खरं आहे, मला दोन्हीचं काही करता येत नाही.

नागपुरी_तडका

टेक्सासवाल्यांना एक राहिलं. तेराव्या दुरुस्तीत गुलामगिरी बंद, गुन्ह्याची शिक्षा सोडून. तो अपवाद अजून चालू आहे. तुमच्या टेक्सासात बहुतेक कैद्यांना कामाचा मोबदला शून्य. जगाच्या साधारण चार टक्के लोकसंख्या आणि जगातल्या कैद्यांत वाटा त्याच्या कितीतरी पट, हा स्वातंत्र्याचा देश.

टेक्सासवाला

हे खरंय, त्याचं समर्थन करणार नाही. पण नुसता टेक्सास नको, कॅलिफोर्नियासारख्या पुरोगामी राज्यात २०२४ ला यावर मतदान झालं, कैद्यांकडून सक्तीने काम घेणं बंद करा असा प्रस्ताव, आणि लोकांनी पाडला. कोलोरॅडोने मात्र २०१८ ला तो अपवाद काढून टाकला. म्हणजे पक्षाबिक्षावर जाऊ नका.

वकीलीणबाई

मला मिशिगनकरांचं पुढे ऐकायचंय. स्वातंत्र्य आणि समता जुंपली की समता हरते असं धाग्याच्या सुरुवातीला होतं, ते शाळेच्या रेघेत दिसतं का?

मिशिगनकर

दिसतं. सांगतो.

आमच्या टाउनशिपमध्ये मध्ये एक प्रस्ताव आला, मुख्य रस्त्याला लागून मोकळी जागा आहे, तिथे भाड्याची अपार्टमेंट बांधायची, थोडी परवडणाऱ्या दरात. प्लॅनिंग कमिशनची जाहीर सभा, संध्याकाळी सातला, मी गेलो. पद्धत अशी की कुणीही यावं, चिठ्ठीवर नाव लिहावं, माइकसमोर उभं राहून तीन मिनिटं बोलावं. समोर छोटा दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. तुम्ही नागरिक आहात का कुणी विचारत नाही, व्हिसावरचा पण बोलू शकतो. नाना, खरं सांगतो, मला ते बघून भरून आलं, आपल्या नगरपालिकेत कुणी साध्या माणसाला माइक देतं का?

आणि मग लोक बोलायला लागले. ट्रॅफिक वाढेल. सांडपाण्याची लाइन पुरणार नाही. गावाचं वळण बदलेल. शाळेत गर्दी होईल. अर्ध्याच्या वर आपले, ऑफिसातून थेट आलेले, गळ्यात ओळखपत्र तसंच. एक जण प्रिंटआउट काढून आलेला, भाडेकरूंच्या मुलांमुळे शाळेची सरासरी किती खाली येते असा त्याचा तक्ता. बाई अतिशय नम्रपणे बोलल्या एक, आम्ही इथे येण्यासाठी खूप कष्ट केले आहेत. कुणाच्या तोंडून वर्ण नाही, जात नाही, देश नाही. मागच्या रांगेत दोन काळ्या बायका होत्या, एक नर्सिंग होममध्ये कामाला, रोज शहरातून दोन बस बदलून येते. तिने सांगितलं मी तुमच्याच आईवडिलांना अंघोळ घालते, मला इथे राहायचंय. तिलाही तीनच मिनिटं मिळाली, बरोबर तीन. टाळ्या तक्त्यावाल्याला.

अबोली

बापरे.

एडिसनचा_पोपट

पण ट्रॅफिकचा मुद्दा खरा असू शकतो ना? प्रत्येकाला लगेच वंशवादी ठरवायचं?

मिशिगनकर

मी कुणालाच ठरवलं नाही. त्यातले दोघं माझ्याकडे सत्यनारायणाला येतात. ट्रॅफिकचा मुद्दा खरा पण आहे, सकाळी आठला तिथे गाडी हलत नाही.

पलीकडचा_किनारा

तुम्ही बोललात का?

मिशिगनकर

नाव लिहिलं होतं. माझा नंबर यायच्या आत साडेदहा वाजले, राहिलेल्यांनी लेखी द्या म्हणाले. दिलं.

वकीलीणबाई

आणि प्रस्ताव?

मिशिगनकर

पाडला नाही, घरं कमी करून परत आणा म्हणून पाठवला. बिल्डर दोन महिन्यांनी नवा नकाशा घेऊन आला, तेवढीच घरं, तेवढेच मजले, फक्त आता ५५ वर्षांच्या वरच्यांसाठी. म्हणजे शाळेत एक पोर वाढत नाही. त्या सभेला मोजून पाच-सहा माणसं. पंधरा मिनिटांत मंजूर. आता आमच्या ग्रुपवर चौकशी चाललीय की भारतातून आईवडील आले तर त्यांच्यासाठी तिथे बुकिंग कधी सुरू होणार.